कारणाचा रकाना

“पूल वाहून गेलाय,” ड्रायव्हरकाका म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. तो सारखा गुंडाळला जाऊ नये म्हणून लेकीने त्याच्या एका टोकाला मिठाची बरणी आणि दुसऱ्या टोकाला वडिलांच्या चष्म्याचे घर ठेवले होते. तिने पेन्सिल उचलून विचारले, “कुठला पूल?”

“नदीवरचा. शेवटच्या टप्प्यातला.”

“बाबा, तिथे पूल होता कधी?” लेक हसली. “जन्मभर तुम्हीच सांगत आलात, नदीच्या कोरड्या पात्रातून बस काढायचो म्हणून. पावसाळ्यात रस्ता बंद, आणि बाकीचे आठ महिने वाळूतून गाडी न्यावी तर ती फक्त तुम्ही!”

एकतीस वर्षे बस चालवलेला माणूस, त्यातली नऊ वर्षे याच रस्त्यावर, आणि थाप मारायची तर तीही धड जमू नये.

“मी सकाळी डेपोत फोन केला होता,” मुलगा म्हणाला. “पात्र ठणठणीत कोरडं आहे. वरून खडीसुद्धा टाकलीय. तिथला माणूस म्हणाला, आता स्कूटरवालेही जातात.”

“तरी ऊन फार असतं.”

“छत्र्या घेऊ.”

“सावली नाही तिथे. एक झाड नाही, झुडूप नाही. नुसती उघडी वाळू.” हे मात्र खरे होते.

“बाबा,” सून भांडी पुसता पुसता म्हणाली, “तुम्ही सहल ठरवताय की मोडताय?”

सगळे हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी बसून उशीच्या अभ्र्याला बटण लावत होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा सुई खाली घातली.

सहल खरे तर काकूंचीच होती. लेक आठ दिवसांसाठी आली होती, सोमवारी परत जायची होती. पहिल्याच दिवशी तिने आईच्या गळ्यात हात टाकून विचारले होते, “आई, तुझ्यासाठी काय करू? काहीही माग.” काकूंनी आयुष्यात कधी ताटात मीठसुद्धा मागून घेतले नव्हते. त्या बराच वेळ विचार करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “तो किनारा बघायचा होता एकदा.”

तो किनारा म्हणजे काकांच्या बसचा शेवटचा थांबा. तिथे उतरायचे, गुडघाभर पाण्यातून खाडीचे तोंड ओलांडायचे, की पलीकडे मैलभर पांढरी वाळू आणि माणूस नाही. ओहोटी असेल तेवढाच वेळ पलीकडे जाता-येता येई. नऊ वर्षे काका रोज तिथवर जाऊन येत होते आणि घरी येऊन सांगत होते, की आज पाणी असे होते, आज पक्षी आले होते. “पुढच्या उन्हाळ्यात नेतो तुला.” मग त्यांचा रस्ता बदलला, मग मुलांच्या शाळा, मग लग्ने, मग निवृत्ती. पुढचा उन्हाळा पुढेच राहिला होता.

आणि आता न्यायची वेळ आली, तर काका पूल वाहून नेत होते.

कारण एवढेच होते, की काकांना लघवी थांबत नव्हती. आठ-नऊ महिने झाले होते. आधी रात्री दोनदा उठावे लागे, मग चारदा. मग दिवसाही असे होऊ लागले, की वाटले म्हणजे लगेच, आणि लगेच म्हणजे कधीकधी उशीरच. त्यांनी बागेतल्या बाकावर जाणे सोडले. वाचनालय सोडले. पाणी पिणे कमी केले. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरला दाखवण्याआधी तोंडाने सांगावे लागते. आणि आता तीन तासांचा रस्ता, गाडीत लेक, सून, आणि पलीकडे पाच तास उघडी वाळू. आडोसा म्हणून एक झुडूप नाही.

घरातल्या कोणाला तरी सांगून मोकळे व्हावे, असे त्यांना वाटले नव्हते असे नाही. पण या घरात ते सांगणे फार कठीण होते. त्याला कारण होती एक गोष्ट, आणि ती गोष्ट काकांनीच या घरात आणली होती.

“ताई, आठवतं का,” मुलगा नकाशावर बोट ठेवत म्हणाला, “हे वळण. ओले मास्तर इथलेच ना?”

“अगदी इथलेच!” लेक टाळी वाजवून म्हणाली. “बाबा, सांगा ना. हिने तुमच्या तोंडून ऐकलेलीच नाही.” हिने म्हणजे सुनेने.

“ऐकलीय हो, दहा वेळा,” सून म्हणाली. “पण सांगा.”

“राहू दे आता,” काका म्हणाले.

“मग मी सांगते!” आणि लेक उभी राहून, एका हातात पेन्सिल छत्रीसारखी धरून, सांगू लागली. एक म्हातारे मास्तर होते. पांढरेशुभ्र कपडे, काखेत छत्री. अर्धा रस्ता झाला आणि मास्तर उठून बाबांच्या पाठीशी आले. हळूच म्हणाले, जरा गाडी थांबवता का? बाबा म्हणाले, मास्तर, घंटा झाल्याशिवाय तुम्ही पोरांना सोडत होतात का? सगळी बस हसली. मास्तर जागेवर जाऊन बसले. पाच मिनिटांनी पुन्हा आले. बाबा म्हणाले, एकदा सांगितलेलं कळत नाही? बाकावर उभं करू? पुन्हा सगळी बस हसली. आणि मग तिसऱ्यांदा मास्तर आलेच नाहीत. कंडक्टरने ओरडून सांगितले, साहेब, इकडे पूर आलाय! तेव्हा बाबा आरशात बघून म्हणाले, “मास्तर, आता हे कोण पुसणार? पहिलीतला की दुसरीतला?”

मुलगा टेबलावर हात आपटून हसला. तीस वर्षे झाली तरी ही गोष्ट या घरात शिळी झाली नव्हती. पाहुणे आले की मुले हट्ट करून ती सांगायला लावत. काका आवाज बदलून सांगत. मास्तरांचा तो बारीक, अजिजीचा आवाज त्यांना फार छान जमत असे.

काकू या गोष्टीला कधीच हसल्या नव्हत्या. काकांच्या हे आज पहिल्यांदा लक्षात आले.

“तर सहाला निघायचं,” लेक पुन्हा बसली. “नऊला खाडीपाशी. ओहोटी नऊ ते अडीच. मध्ये कुठेही थांबायचं नाही. घड्याळाची पोरं आहोत आपण, डेपोत नाव राखायचंय.” डेपोत काकांना घड्याळ म्हणत.

काकांनी खुर्चीची कड घट्ट धरली. आता काहीतरी बोलायला हवे होते. गुडघा दुखतो म्हणावे, ताप आहे म्हणावे, तुम्ही जा, मी घर राखतो म्हणावे. पण त्यांच्याशिवाय काकू पाऊल उचलणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी घसा खाकरला.

“मला थांबावं लागेल,” कोणीतरी म्हणाले.

काकांना क्षणभर वाटले, आपणच बोललो. पण बोलल्या होत्या काकू. सुई अभ्र्यात तशीच टोचून ठेवून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“म्हणजे?” लेकीने विचारले.

“मला दर पाऊण-एक तासाने उतरावं लागतं,” काकू सावकाश म्हणाल्या. “बरेच महिने झाले. धीर धरवत नाही. रस्त्यात थांबे घेणार असाल तर येईन. आणि पलीकडे वाळूत दोन चादरी आणि चार काठ्या घेऊ. आडोसा करता येईल.”

आईवर शंका कोण घेणार? या घरात सगळ्यांचे सगळे पारखून घेतले जाई, पण काकूंच्या शब्दाला कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

“अगं आई, मग सांगायचं नाही का!” लेकीने उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि वातावरण हलके करावे म्हणून मुलगा म्हणाला, “नशीब समज, बाबांच्या बसमध्ये नव्हतीस. तुझीही मास्तरीण झाली असती!”

पुन्हा हशा पिकला. सूनही हसली. काकूसुद्धा ओठाच्या कडेने हसल्यासारख्या झाल्या. आणि त्या हशात काका हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी हसण्याचेच म्हणून पुसून टाकले.

•

काकूंचा एक नियम होता. तोंडून खोटे काढायचे नाही. बावीस वर्षांपूर्वी मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी तो घेतला होता. पहाटे दिवा लावून, डोळे मिटून त्या बसत आणि आदल्या दिवशीचे आपले बोलणे तांदूळ निवडावेत तसे निवडत. खडा सापडला, तर तो ज्याच्या पदरात टाकला त्याच्याकडे जाऊन परत उचलायचा, आणि तो उचलेपर्यंत अन्नाला शिवायचे नाही. एकदा शेजारीण शिडी मागायला आली तेव्हा त्या “घरात नाही” म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिडी खांद्यावर घेऊन शेजारणीच्या दारात उभ्या. “काल घरातच होती. द्यायचं जिवावर आलं होतं.” शेजारीण पोट धरधरून हसली होती. काकूंनी घरी येऊन मग न्याहारी केली होती.

त्या शुक्रवारी रात्री काकूंनी सगळ्यांना वाढले आणि स्वतःचे ताट घेतले नाही.

“आई, तू?” लेकीने विचारले.

“आज मला नको,” काकू म्हणाल्या. ते खरेच होते.

जेवणे झाली तेव्हा त्या मागच्या दारी कपडे धुण्याच्या दगडापाशी बादली पालथी घालत होत्या. काका तिथे गेले. काय बोलायचे ते ठरवून गेले होते, पण तिथे गेल्यावर म्हणाले ते एवढेच, “जेवली नाहीस.”

“नाही.”

“किती दिवस?”

“रविवारी परत आलो की जेवीन. तेवढं कबूल करून घेतलंय मी.”

“कोणाकडून?”

काकूंनी आतल्या खोलीतल्या दिव्याच्या कोनाड्याकडे पाहिले. “ज्याच्याकडून घ्यायचं, त्याच्याकडून.”

काका दगडाच्या कडेवर बसले. “तुला कधीपासून माहीत होतं?”

“चाळीस वर्षांत तुम्ही स्वतःचा रुमाल कधी धुतला नाहीत. आणि गेले सहा महिने रोज सकाळी दोरीवर तुमची पँट. मी उठायच्या आत धुऊन टाकलेली. मी काय आंधळी आहे?”

“ग्रीस लागलं होतं, असं सांगितलं होतं मी तुला.”

“निवृत्त होऊन सात वर्षं झाली. ग्रीस अजून येतंय कुठून?”

एरवी काका हसले असते. त्यांनी खाली पाहिले. दगडावर साबणाचा पांढरा ओघळ वाळून गेला होता. “मी सांगू का त्यांना?” त्यांनी विचारले, आणि विचारता विचारता त्यांना कळले, की ही ‘नको’ म्हणेल म्हणून आपण विचारतो आहोत.

काकूंनाही ते कळले असावे. “सांगा असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण ‘राहू दे, काही बिघडत नाही’ असं मी म्हणावं म्हणून थांबला असाल, तर तेही म्हणता यायचं नाही मला. आजचं एक झालं तेवढं पुरे.”

त्या आत गेल्या. बादलीच्या तळाखालून उरलेले पाणी दगडावर हळूहळू पसरत गेले आणि काका पाय वर घेऊन बसून राहिले.

•

शनिवारी घरात लग्नघरासारखी गडबड होती. चादरी निघाल्या, काठ्या निघाल्या, सुनेने पाण्याच्या आठ बाटल्या भरून ओळीने उभ्या केल्या. मुलाने कामावरून व्हॅन मागून आणली होती. ती तो दारात धूत होता. काका बाहेर आले. इथे दुसरे कोणी नव्हते. दोघे पुरुष, एक गाडी. सांगायचे तर हीच वेळ होती.

“अरे,” काका म्हणाले.

“बाबा, बरं झालं, तुम्हीच आलात.” मुलाने नळी खाली टाकली. “आईसाठी मंगळवारची वेळ घेतलीय डॉक्टरची. चांगला आहे म्हणतात. ती आढेवेढे घेईल, तुम्ही जरा समजावा. आणि काल मी ते मास्तरीण म्हणालो ना, तिला लागलं असेल का हो? रात्री जेवली नाही. मला झोप नाही आली.”

काका मुलाच्या ओल्या हातांकडे बघत राहिले. मंगळवारी काकू डॉक्टरपुढे बसतील. डॉक्टर विचारेल, किती दिवस होतंय? मग काकू काय म्हणतील?

“नाही, तसं नाही,” काका म्हणाले. “तसं काही नाही. तू... मागच्या चाकात हवा बघितलीस का?”

“बघितली.”

“पुन्हा बघ. वाळू आहे.”

आणि ते आत आले. आत आल्यावर आधी मोरीत गेले, कारण थांबवत नव्हते. मोरीचे दार लावून ते भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. एकतीस वर्षे त्यांनी घाटात, पुरात, दगडफेकीत गाडी चालवली होती. पोराला चार शब्द सांगणे त्यांच्याने झाले नाही.

दुपारी काकू वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन येताना दारात थांबल्या. चौकट धरून क्षणभर डोळे मिटले. सून धावली.

“आई, चक्कर आली का? उपास आहे की काय?”

“हो.”

“कसला? या दिवसांत कसला उपास?”

“माझाच आहे,” काकू म्हणाल्या, आणि सुनेच्या हाताला धरून खुर्चीवर बसल्या. समोरच्या खुर्चीत काका वर्तमानपत्र धरून बसले होते. वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून त्यांना काकूंचे फक्त हात दिसत होते. ते कपड्यांच्या घड्या घालत होते. वरचीच पँट त्यांची होती. काकूंनी ती उलटी होती ती सुलटी केली, पाय जुळवले, तळहाताने सपाट केली.

संध्याकाळी लेकीने टेबलावर एक जाड वही आणून टाकली. “हे बघा काय सापडलं! कपाटाच्या वर होतं. बाबा, आपली उद्याची फेरी यावरच लिहायची.”

ती डेपोतल्या फेरीपत्रकांची कोरी वही होती. ठिकाण, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, आणि शेवटी एक अरुंद रकाना: कारण. गाडी ठरलेल्या थांब्याशिवाय कुठे थांबली, तर त्याचे कारण चालकाने तिथे लिहायचे. टायर, रेडिएटर, गुरे आडवी, काहीही. काकांना अभिमान होता तो याचा, की त्यांचा कारणाचा रकाना एकतीस वर्षे कोरा राहिला. निवृत्तीच्या दिवशी डेपोच्या साहेबांनी भाषणात तेच सांगितले होते.

“लिहा,” लेक म्हणाली. “तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. थांबे धरून आता पाचलाच सुटायचं. पहिला थांबा, मैलाचा दगड, सहा वाजता. सुटका सहा दहा. कारण, आई.”

काकांनी लिहिले.

“दुसरा थांबा, जुना जकात नाका. कारण, आई.”

काकांनी लिहिले.

“तिसरा, ते वळण. मास्तरांचं!” लेक हसली, मग आईकडे बघून जीभ चावली. “कारण, आई.”

काकांची लेखणी त्या ओळीवर थांबली. त्या वळणावर पुढे काय झाले होते, ते त्यांनी कधीच कोणाला सांगितले नव्हते. गोष्ट जिथे हशा होई तिथेच ते संपवत. पण रस्ता तिथे संपला नव्हता. मास्तरांनी गळ्याभोवतीचे उपरणे काढून ते बाक पुसले होते. नीट, कोपऱ्यापर्यंत. मग पुढच्या थांब्यावर उतरले. त्यांचा गाव तो नव्हता. त्यांचा गाव आणखी दोन थांबे पुढे होता. काकांनी आरशात पाहिले, तर मास्तर रस्त्याच्या कडेला उभे होते. ऊन कधीच कलले होते, तरी त्यांनी छत्री उघडली होती. डोक्यावर नाही. पुढे धरली होती, कमरेशी, ढालीसारखी. बस वळेपर्यंत ते तसेच उभे होते.

गाडी त्या दिवशीही वेळेवर पोहोचली होती.

“बाबा? लिहा ना. आई.”

काकांनी लिहिले. चार थांबे, चार वेळा तोच शब्द, मोत्यासारख्या अक्षरात. लेकीने पान फाडून दाराजवळ खिळ्याला टोचून ठेवले.

•

पहाटे काकू दिव्यापाशी बसल्या तेव्हा काका जागेच होते. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. दोन रात्री आणि एक दिवस पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. पाठ मात्र ताठ होती. काकांना वाटले, ही आता तांदूळ निवडत असेल. कालच्या दिवसात तिला काही सापडणार नाही. परवाचा तो एक खडा मात्र तिथेच असेल, आणि तो उचलायला तिचा हात पोहोचणार नाही. कारण तो तिच्या ताटातला नाहीच.

ते आवाज न करता उठले. खिळ्यावरचे पान काढले, टेबलावर बसले आणि वहीतले दुसरे पान घेऊन पहिल्यापासून लिहू लागले. ठिकाणे तीच. वेळा त्याच. शेवटच्या रकान्याशी आल्यावर हात अडला. बराच वेळ अडला. मग त्यांनी लिहिले, आणि लिहिलेले चारही ठिकाणी पुन्हा वाचून पाहिले. जुन्या पानाच्या बारीक चिंध्या करून ते टाकून आले आणि नवे पान खिळ्याला लावले. अक्षर काल रात्रीइतके चांगले आले नव्हते.

बरोबर पाचला व्हॅन सुटली. मुलगा चालवायला, त्याच्या शेजारी काका रस्ता दाखवायला. मागे तिघी, डबे, चादरी, काठ्या, छत्र्या. लेकीने जाता जाता खिळ्यावरचे पान ओढून घेऊन पर्समध्ये टाकले होते. सून गाणे गुणगुणत होती. काकू खिडकीला गाल लावून बाहेर बघत होत्या. शेते भुरी झाली होती. ओढे आटले होते. गाडीच्या दिव्यांत नुसते गोटे चकाकत होते.

पाऊण तास उलटून गेला. काकांनी गुडघे एकमेकांना घट्ट लावले. मैलाचा दगड अजून पाच-सात मिनिटांवर होता. कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला नाही.

“चला, कंडक्टर झोपला काय!” मुलगा आरशात बघून म्हणाला. “पहिला थांबा आला.”

“आले, आले.” लेकीने पान उघडले आणि कंडक्टरसारखा आवाज काढून वाचू लागली. “मैलाचा दगड! पोहोच सहा! सुटका सहा दहा! कारण...”

ती थांबली.

“कारण आई,” मुलगा हसत म्हणाला. “वाच की, एवढं काय.”

“बाबा,” लेक म्हणाली. तिचा आवाज साधा झाला होता. “हे काय लिहिलंय तुम्ही?”

“लिहिलंय ते वाच,” काका समोरच्या काचेतून बघत म्हणाले.

“कारण,” लेकीने वाचले, “चालकास उतरणे भाग.”

“चालक म्हणजे मी?” मुलगा म्हणाला. “मला कुठे...”

“तू नव्हे. मी.” काकांनी श्वास घेतला. “आईला काही होत नाही. मला होतं. आठ-नऊ महिने झाले. ती माझ्यासाठी बोलली. पुढच्या तिन्ही थांब्यांवर तेच आहे. मंगळवारी मी जाईन डॉक्टरकडे.” आणि थोड्या वेळाने, फार हळू, “आणि ती मास्तरांची गोष्ट आता पुन्हा नका सांगू कोणी. मी चुकलो होतो तेव्हा.”

मुलाने गाडी कडेला घेतली. मैलाच्या दगडावरचा आकडा ऊनपावसाने पुसून गेला होता. मागे तो हशा नव्हता, जो काकांनी गेले दोन दिवस कानांत ऐकला होता. काकांनी दार उघडले. उतरले तेव्हा पँटला पुढे हाताएवढा ओला डाग आधीच पडला होता. उशीर झालाच होता. सगळ्यांना दिसला असणार.

सून घाईने पुढे झुकली. तिने खिडकीतून छत्री पुढे केली. “बाबा, ही घेता का? जरा... आडोशाला.”

काकांनी छत्रीकडे पाहिले. हात अर्धा पुढे गेला, आणि थांबला.

“नको,” ते म्हणाले. “असू दे.”

“किती मिनिटं धरू?” मुलाने विचारले. त्याला दुसरे काही सुचले नसावे.

एकतीस वर्षे या प्रश्नाला काकांनी मिनिटे सांगितली होती.

“लागतील तेवढी,” ते म्हणाले, आणि गाडीकडे पाठ करून, जपून, खडीवरून झुडपांकडे चालू लागले. उजाडत होते. मग गाडीच्या उघड्या खिडकीतून एक आवाज आला. डब्याचे झाकण उघडल्याचा. ते झाकण घट्ट बसते, उघडताना कट् असा आवाज होतो, घरात सगळ्यांना तो ओळखू येतो. मग काकू सुनेला म्हणाल्या, “थोडा भात घेते गं मी. भूक लागलीय.”

काका झुडपाशी थांबले. मागे वळून पाहिले नाही.